भैय्यालाल फिटरचं विमान

माझी बहीण कुंता हयात असती तर हे मी लिहिलं नसतं. आधी तिचा नवरा भैय्यालाल गेला, आणि आता तीही गेली. ज्या दोन माणसांसाठी तोंड शिवून बसलो होतो तीच उरली नाहीत. तुमसरच्या चहाटपऱ्यांवर मात्र लोक अजून म्हणतात की भैय्यालाल फिटर म्हणजे नुसतं मोठं नाव, स्वतःच्या इंजिनाचं कार्बोरेटरसुद्धा त्याला नीट बसवता आलं नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी एकोडीचा धान पिकवणारा माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण खोटं ऐकून घ्यायचाही आता कंटाळा आला आहे.

भाऊजी तुमसरला योगेंद्र सेठच्या राईस मिलमध्ये फिटर होते. पट्टे, बेअरिंगा, चाळण्या, मोटारी, सगळं त्यांच्या हाताखाली. ऐन हंगामात मिल बंद पडली की सेठ देवाच्या आधी त्यांचं नाव घ्यायचा. लग्नापूर्वी ते नागपूरला विमानं दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली मदतनीस होते. तिथं हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. नोकरी सुटली, लग्न झालं, रीना झाली, रीनाचं लग्नही झालं, आणि सगळं आटोपल्यावर या गृहस्थांनी सेठच्या जुन्या गोदामात विमान बांधायला घेतलं. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? म्हटलं, भाऊजी, लोक म्हातारपणी देवदर्शनाला जातात, तुम्ही थेट देवाच्या घरी निघाले.

एका माणसाच्या बसण्याचं विमान. ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, त्यावर मांजरपाट ताणून रंगाचे हात दिलेले पंख, एका जुन्या मारुती व्हॅनचं इंजिन, आणि पुढं शिवणीच्या लाकडाचा पंखा. तो पंखा त्यांनी स्वतः तासला. पहिला तडकला, दुसरा एका बाजूला जड झाला, तिसरा जमला. बांधण्यापेक्षा सांभाळणं जास्त कठीण होतं. मिलचा कोंडा उडून सगळीकडं बसायचा, उंदीर कापड कुरतडायचे, पावसाळ्यात पाइपांच्या जोडांना पांढरी बुरशी यायची. रोज कामावरून सुटले की भाऊजी गोदामात. एकेका तारेवरून, एकेका नटावरून बोट फिरवायचे. डोळा फसवते, हात नाही फसवत, असं त्यांचं म्हणणं होतं. परवानगीचे कागद त्यांनी पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं नव्हतं. तेवढा धीर त्यांना धरवला नाही. गावाबाहेर नव्या रस्त्याचा मुरूम दाबून काम अर्धवट पडलं होतं, त्या पट्ट्यावर ते विमान पळवायचे. आधी माणसाच्या उंचीएवढं उचललं, मग झाडाएवढं, आणि लगेच खाली. मिनिटभराचा खेळ.

कुंता त्या विमानाला सवत म्हणायची. गोदामात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. दारातूनच ओरडायची, "दुसरीचं तेलपाणी झालं असन तर पहिलीच्या घरी जेवाले या!" लोक हसायचे, भाऊजीही हसायचे. पण मला माहीत होतं, ती खरोखर भ्यायलेली होती. विमान उडायचं त्या दिवशी ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि मिक्सर चालू ठेवायची, इंजिनाचा आवाज कानावर पडू नये म्हणून.

भाऊजींना एकदा तळ्याला वळसा घालून यायचं होतं. फक्त एकदा. तेवढ्यासाठी ते सगळं होतं. पण त्यांनी कुंताला शब्द दिला होता, "तुह्या हातची पूजा झाल्याबिगर तळ्याच्या पल्याड नेणार नाही." आणि कुंता काही पूजा करत नव्हती. दोन दसरे असेच गेले. तिसऱ्या दसऱ्याला मी सोनं द्यायला तुमसरला गेलो तर बघतो काय, बाईसाहेब नवं लुगडं नेसून, हातात ताट घेऊन गोदामाकडे निघालेल्या!

"काहून बाई, आज सवतीशी समेट?" मी विचारलं. थोरल्या बहिणीला मी बाईच म्हणायचो.

"मराले जातेतच तर देवाले सांगून तरी जातीन," ती म्हणाली. पण तिचा चेहरा मऊ झालेला होता.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा असते. यंत्र आधी धुऊन, पुसून, तपासून ठेवायचं. पूजा झाली की त्या दिवशी त्याला हत्यार लावायचं नाही. आणि टिळा लावायचा तो यंत्राच्या तोंडाला, म्हणजे जिथून ते खातं तिथं. मिलमध्ये धान ओततात त्या तोंडाला, पंपाच्या तोंडाला, ट्रॅक्टरच्या टाकीला. कुंता शेंदूर तेलात दाट कालवून लावायची. कुंकू काय, वाऱ्यानं उडून जातं. घरात जवसाचं तेल होतं, तेच तिनं घेतलं. विमान खातं कुठून, तिनं विचारलं. भाऊजींनी बसायच्या जागेमागची पेट्रोलची टाकी दाखवली आणि नारळ फोडायला दगड आणायला बाहेर गेले. तिनं टाकीच्या झाकणावर चांगला जाड टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या, हार घातला, हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. इतकी सुंदर पूजा मी दुसरी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी हार काढून कुंताच्या हातात दिला. पूजेचा टिळा कुणी पुसत नाही, तो आपोआप जाऊ द्यायचा. तपासणी आदल्या दिवशी पूजेआधी झालीच होती, आणि नंतर विमानाला पूजेशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्या दिवशी कुंता मुरुमाच्या रस्त्यापर्यंत आली. पहिल्यांदाच.

विमान उठलं, झाडांवर गेलं, तळ्याकडं वळलं. कुंता माझं मनगट धरून उभी होती. वळसा अर्ध्याहून जास्त झाला असेल, आणि आवाज अडखळला. एकदा, दोनदा, मग थांबला. आवाज बंद झालेलं विमान इतकं गुपचूप खाली येतं हे मला ठाऊक नव्हतं. ते बांधीतल्या उभ्या धानात उतरलं, चाकं चिखलात रुतली आणि शेपूट वर उचलून ते पालथं झालं. आम्ही धावलो. कुंताच्या पायात चप्पल नव्हती, धुऱ्याच्या बांधावर दोनदा पडली ती.

भाऊजी जगले, पण कंबरेखाली जीव उरला नाही. नागपूरच्या दवाखान्यात महिनोन् महिने गेले. पोलीस आले, जबाब घेतला, पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं. जणू ते करू शकणार होते. मोडलेलं विमान मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एकोडीला नेलं आणि गोठ्यामागं टाकलं.

उन्हाळ्यात भाऊजी घरी आले. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "श्रावण, पुढच्या बारीले टाकीचं झाकण घेऊन येजो." मी आणलं. कुंता बाजारात गेली होती. त्यांनी झाकण हातात घेऊन उलटंसुलटं केलं, नखानं खरवडून पाहिलं. त्या झाकणाला सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा त्या भोकातून टाकीत आली पाहिजे, नाही तर थोड्या वेळानं पेट्रोल यायचं थांबतं. मिनिटभराच्या उड्डाणाला काही होत नाही. तळ्याच्या वळशाला होतं. त्या भोकात शेंदूर बसला होता, दगडासारखा वाळून, आणि त्यावर तांदळाचा एक दाणा.

"मिलमधी पायपाचा जोड गळला का आम्ही हेच लावतो," भाऊजी म्हणाले. "शेंदूर अन् जवसाचं तेल. एकदा धरलं का छिन्नीशिवाय निंगत नाही."

मी झाकण त्यांच्या हातून घेतलं. "म्हणजे बाईनं..."

"तुह्या बाईनं पूजा केली. फिटर मी आहो. झाकण पाहाचं काम माह्यं होतं."

"मग काहून नाही पायलं?"

"पायलं ना. लाल टिळा दिसला. लय बरं वाटलं मले," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, "कुंतीले हे समजलं तर जिती राहात नाही. तुले रीनाची शपथ आहे."

ते झाकण मी परतीच्या वाटेवर एका बोडीच्या पाण्यात फेकून दिलं. शपथ घेताना मला वाटलं होतं, गप्प राहण्यात काय कठीण आहे? कठीण काय ते पुढं कळलं.

योगेंद्र सेठ भेटायला आला. बसल्या जागी नवीन पोरांना काम सांगायला ठेवून घेईन म्हणाला, चांगला माणूस. सहज विचारलं, "झालं काय होतं भैय्यालाल?" भाऊजींनी सांगितलं, कार्बोरेटर ढिलं राहिलं, माझीच चूक. सेठनं चहा संपवला, रामराम केला, आणि महिन्याभरात दुसरा फिटर ठेवला. त्याचं तरी काय चुकलं? ज्याच्या हातून स्वतःच्या जिवाचं इंजिन ढिलं राहिलं त्याच्या हाती मिल कोण देईल? गोष्ट गावभर झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता.

आणि कुंता! त्यांना कुशीवर वळवायची, पाठीच्या जखमा धुवायची, भरवायची, तसूभर कसूर नाही तिच्या सेवेत. पण तोंड सारखं चालू. "मिलच्या मशीनीले डोळ्यात तेल घालून पाहात होते, अन् ज्यात सोता बसाचं त्याले पायलं नाही. माहा इचार नाही आला तुमाले?" भाऊजी ऐकून घ्यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग तीच म्हणायची, "मी पूजा केली म्हून जीव तरी राह्यला." यावर ते मान हलवायचे. "हो, तुह्याच पूजेनं राह्यलो."

मी एकदा ताडकन उठलो होतो. म्हटलं, बाई, बस झालं, तुले काही माहीत नाही! भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठल्यासारखं करून बाहेर गेलो. बाहेर येऊन भिंतीवर हात आपटला. राग कुणाचा येत होता? तिचा नाही, त्यांचाही नाही. पण येत होता, आणि अजून येतो.

असं पाच वर्षं चाललं. मग जखमा चिघळल्या, लघवीचा त्रास वाढला, आणि भाऊजी गेले. खांदा द्यायला मिलमधले जुने लोक आले, पण त्यांच्या बोलण्यातही तेच होतं: माणूस चांगला होता, पण एका ढिल्या कार्बोरेटरनं घात केला.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. दुपारी घरात मी आणि कुंताच होतो. भाऊजी गेल्यापासून तिनं धड जेवण केलं नव्हतं, ताटावर बसायची आणि दोन घास चिवडून उठायची. त्या दिवशी मी भात वाढला तर हात लावेना.

"श्रावण, एक गोष्ट खरी सांगशीन?"

"सांग ना."

"ते तसे नव्हते रे. हात लावून पायल्याशिवाय सायकलही नव्हते चालवत. लोक म्हणतेत त्यायची चूक होती. तेही तेच म्हणत. अन् मी पाच वर्षं त्यायले बोलली. हलता येत नव्हतं त्या माणसाले, उठून जाता येत नव्हतं, अन् मी बोलतच राह्यली." तिनं ताट बाजूला सारलं. "त्यायची चूक नसन तर मले कुठीच जागा नाही. तू ते मोडकं उचलून नेलं होतं. तुले मालूम असन. सांग, त्यायची चूक होती का?"

इतकी वर्षं हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी जळत होतो. टपरीवर, मिलच्या फाटकावर, स्मशानात, उत्तर ओठांवर होतं. भाऊजींचं नाव एका शब्दानं धुऊन निघालं असतं. पण त्या शब्दानंतर तिनं विचारलं असतं, मग कोणाची?

"होती, बाई," मी म्हणालो. "कार्बोरेटर ढिलंच होतं. मी सोताच्या डोळ्यानं पायलं."

"खरं?"

"खरं. भाऊजींचाच हलगर्जीपणा."

तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास सोडला. इतक्या दिवसांत तिचे खांदे खाली आलेले मी पहिल्यांदा पाहिले. "मंग मी वावगं नाही बोलली," ती स्वतःशीच म्हणाली, पदरानं तोंड पुसलं आणि ताट जवळ ओढलं. त्या दुपारी कुंता पोटभर जेवली, भात दोनदा मागून घेतला. मी समोर बसून वाढत राहिलो.