‘पासून’ आणि ‘पर्यंत’

ऑनलाइन परीक्षेत आकड्याच्या उत्तराचा प्रश्न घालायचा तर दोन चौकटी भराव्या लागतात, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. उत्तर या दोहोंच्या मध्ये बसलं की कॉम्प्युटर गुण देतो. इतकं सरळ आहे ते. आमच्या साहेबांना कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

कर्वेनगरच्या ऑफिसात बसून मी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी अशा परीक्षा तयार करायचे. तेव्हा वाघोलीच्या एका औषधांच्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं होतं. प्रश्न असा, की तापमापकाच्या फोटोत काटा चार आणि पाचच्या मध्ये आहे, तर तापमान किती? मी उत्तर ठेवलं ४.३ पासून ४.७ पर्यंत. काटा डोळ्यांनी वाचायचा, माणसामाणसाच्या नजरेत एकोणीस-वीसचा फरक पडणारच.

साहेबांनी दोन्ही चौकटींत ४.५ भरलं. म्हणाले, “आपण परीक्षा घेतोय, भाजी नाही. थोडं इकडेतिकडे मंडईत चालतं.”

“अहो, मंडईतला भाजीवालासुद्धा काटा थोडा हलला म्हणून गिऱ्हाईक हाकलत नाही,” मी म्हटलं. त्यांनी स्वतःपुरता चहा मागवला.

त्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमरावतीची एक बाई कंत्राटावर होती. मी शिकवायला जायचे तेव्हा ती पुढेच बसायची. मुलगी गावी आजीपाशी. परीक्षा पास झाली की नोकरी पक्की, नोकरी पक्की झाली की मुलीला पुण्यात आणायचं, हे तिने मला ओळख झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं. तिने ४.६ लिहिलं आणि त्या एका प्रश्नापायी नापास झाली. कंत्राट संपलं, ती सामान बांधून गेली. मी साहेबांशी कडाकडा भांडले.

“नियम म्हणजे नियम,” ते म्हणाले. “आणि लागलेले निकाल उघडता येत नाहीत.”

पुढे कोल्ड स्टोरेजच्या मोठ्या मॅनेजरांनाही तीच परीक्षा द्यावी लागली. त्यांनी ४.४ लिहिलं. नापास. त्यांचा फोन आला तेव्हा आमचे साहेब खुर्चीतून उठून उभे राहून बोलत होते. फोन ठेवला आणि माझ्या टेबलाशी आले. “ते तुमचं पासून-पर्यंत घाला बघू. आणि त्यांचा निकाल उघडून दुरुस्त करा.”

म्हणजे उघडता येत होता. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅनेजरांचा निकाल दुरुस्त केला आणि कोणालाही न विचारता तिचाही केला. मग तिला परत घ्या म्हणून त्याच मॅनेजरांना फोन लावला. ते म्हणाले, “आनंद आहे, पण ती जागा भरली.”

तरी मी तिला फोन केला. निदान पास झालीस एवढं तरी तिला कळावं, असं वाटलं.

“आता कायले पास केलं मॅडम?” ती म्हणाली. “पोरीले सांगून बसली मी, तुही माय नापास झाली म्हणून. ते रडली, मंग इथल्याच शाळेत गेली. आता तिले काय सांगू?”