मोटार बंद, माती ओली

"मॅडम, तुमचं यंत्र वल्लं म्हनतंय आन् झाडं माना टाकाल्यात. खरं कुनाचं धरायचं?"

शरणप्पांनी एक टोमॅटो माझ्या हातावर ठेवला. वरून छान लाल, बुडाला काळा, खोलगट डाग. झाडाला पाण्याचा ताण पडला की मुळांकडून कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही, मग फळ बुडाकडून असं काळं पडतं. म्हणजे झाडं तहानलेली होती. माझ्या मोबाइलवर मात्र तोच प्लॉट हिरवा. हिरवा म्हणजे माती पुरेशी ओली, पाणी देऊ नका.

मी भाजीपाल्याच्या शेतात सेन्सर बसवणाऱ्या एका कंपनीत काम करते. ऑफिस सोलापुरात. शरणप्पांचा टोमॅटो मंद्रूपजवळ. सिस्टिम मागवली होती त्यांच्या मुलाने, महेशने. तो पुण्यात नोकरीला. माती कोरडी पडली की ॲप लाल होतं आणि त्याच्या फोनवर अलर्ट जातो. गावातले आणखी सहा शेतकरी हा प्लॉट बघून ठरवणार होते, म्हणून ऑफिसातल्या माझ्या सरांचं माझ्याकडे बारीक लक्ष होतं.

"सेन्सर बदल," सर म्हणाले.

बदलला. दोन दिवसांनी प्लॉट पुन्हा हिरवा आणि झाडं पुन्हा मलूल.

"मग ड्रिप कुठेतरी लीक असणार."

अख्खी लाइन पायी तपासली. कुठे थेंब नाही.

मग मी ऑफिसात बसून ग्राफ उघडले. एका खांबाला आमचे दोन सेन्सर असतात. एक चार इंचांवर, दुसरा फूटभर खोल. ॲपचा रंग वरच्यावर ठरतो. खालचा कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता. तो सतत उतरत होता. वरचा मात्र दर दोन-तीन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, एकदम उडी मारायचा. त्या वेळी मोटार चालू झाल्याची नोंद नाही. पाऊस नाही. मोटार बंद असताना माती ओली कशी होते, हे मला सांगता येईना. सरांनाही सांगता येईना, पण ते माझ्यावर चिडले.

शेवटी एका सकाळी ॲप लाल व्हायला आलं आणि मी न कळवता शेतावर जाऊन बसले. लाइट नव्हती, त्यामुळे मोटार चालू होण्याचा प्रश्नच नव्हता. दहाच्या आसपास शरणप्पांच्या पत्नी, नीलव्वा, कळशी घेऊन आल्या. सरळ खांबाशी गेल्या. वाकून अर्धी कळशी बुडाशी हळूहळू ओतली आणि थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

मी पुढे झाले तशा त्या दचकल्या. माझी आई अक्कलकोटकडची, म्हणून मी कन्नडमधूनच विचारलं, हे कशासाठी?

"जगळ ब्याड," त्या म्हणाल्या. भांडण नको.

मग हळूहळू सगळं सांगितलं. लाल झालं की महेशचा फोन येतो. पाणी का नाही दिलं? शरणप्पा म्हणतात, लाइट न्हाय. तो म्हणतो, लाइट होती तेव्हा का नाही दिलं? दोघांचे आवाज चढतात. मागे एकदा पंधरा दिवस बाप-लेक बोलले नव्हते. खांबाशी माती सुकलेली दिसली की आधीच पाणी ओतायचं, मग फोन येत नाही.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की."

सिस्टिम बसवली त्या दिवशी मी सगळ्यांसमोर खांबाशी ग्लासभर पाणी ओतून ॲपचा रंग बदलून दाखवला होता. नीलव्वा मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं.

शरणप्पा शेतावर आल्यावर मी त्यांना विचारलं, "झाडं सुकताना दिसत होती, मग पाणी का नाही सोडलं?"

"त्यानंच सांगितलंय, फोन म्हनंल तवाच पानी. मग फोनलाच बगू दे की."

नीलव्वांना विचारून मी महेशला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

"आई रडली का?" त्याने विचारलं.

"नाही. घाबरल्या होत्या."

"अण्णांना द्या."

मी फोन शरणप्पांना दिला आणि बांधावर जाऊन उभी राहिले. काय बोलले माहीत नाही. आवाज चढला नाही, एवढं कळलं.

लाइट आल्यावर शरणप्पांनी ड्रिप सोडलं. त्यानंतरचे दोन तोडे तरी खराबच निघाले. काळी पडलेली फळं सुधारत नसतात. वरच्या फांद्यांची फळं स्वच्छ आली. मी अलर्ट शरणप्पांच्या नंबरवर वळवला. महेशला आता आठवड्यातून एकदा रिपोर्ट जातो. रंग दोन्ही सेन्सर मिळून ठरवतात. सहांपैकी दोघांनीच सिस्टिम घेतली. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये मी या घोळाचं कारण खरं लिहिलं होतं. सरांनी ते "युजर एरर" असं करून पुढे पाठवलं. युजरच्या यादीत नीलव्वांचं नाव नव्हतं.

हल्ली एखादा आकडा पटला नाही तर वायर तपासण्याआधी मी घरच्यांना विचारते, हा लाल झाला की बोलणी कुणाला बसतात?