पिठात माखलेली अळी

वळसंगच्या माळावर, निव्वळ मुरमात चंद्रव्वानं सीताफळं लावली तेव्हा भावकी हसली होती. डोक्यावरून घागरी वाहून तिनं एकेक रोप जगवलं. किडा दिसला की ती बोटानं चिरडायची. थांबून बघणं तिच्या स्वभावात नव्हतं.

यंदा फळांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण बसला, पिंजलेला कापूस चिकटवावा तसा. नवरा रुद्रप्पा औषध घेऊन आला. सून चंद्रिकानं मात्र कृषी केंद्रातून डबीभर बारके भुंगेरे आणले.

"अत्ती, ह्ये पिठ्या खात्यात. पर औषध मारायचं न्हाय. मारलं तर ह्येच आधी मरतील."

चंद्रव्वा मनाविरुद्ध कबूल झाली. संध्याकाळी दोघींनी भुंगेरे बागेत सोडले. पुढे चंद्रिका भावाच्या लग्नाला अक्कलकोटला गेली, आणि त्याच आठवड्यात फांद्यांवर नवे पांढरे झुबके दिसू लागले. पहिल्यापेक्षा मोठे, लोकरीसारखे. व्यापारी बाग बघायला येणार होता.

"किडं पोसलीस की गं," रुद्रप्पा म्हणाला. "आता बारसं घाल त्येंचं."

तिनं सुनेला फोन लावला. पलीकडून नुसती वाजंत्री. "अत्ती, काय बी ऐकू येईना!" एवढंच कळलं.

तिनं पंप पाठीवर चढवला. पहिलं झाड फवारलं, दुसरं फवारलं. तिसऱ्यावर सवयीनं एक झुबका चिरडायला बोट टेकवलं, तर तो बोटाखालून निसटला. पिठ्या असा पळत नाही. झुबका तुरुतुरु चालत पिठ्याच्या अंड्यांपाशी गेला आणि त्यात त्यानं तोंड खुपसलं. चंद्रव्वा श्वास रोखून बघत राहिली.

"अवो," तिचा आवाज चिरकला, "ही भुंगेऱ्यांची पिल्लं हायत. पिठ्याचं सोंग घिऊन बसल्यात."

"मग तितं मारलंस ते?"

वारा फवारलेल्या झाडांकडून येत होता. औषधाचा उग्र वास इथवर पोचला होता. तिनं पंप उतरवला, पांढऱ्या अळ्यांच्या डहाळ्या भराभरा मोडून ओच्यात घेतल्या आणि बागेच्या लांबच्या टोकाच्या झाडांवर सोडायला पळाली.

"आनि यापाऱ्याला काय दावायचं?" रुद्रप्पा मागून ओरडला.

"हाय ते दावा!"

व्यापारी आला, नाक मुरडून गेला. रुद्रप्पा चार दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पंप दाराशीच होता. रोज सकाळी तिचा हात त्याच्याकडे जायचा, आणि ती तो मागे घ्यायची.

हळूहळू फांद्या हिरव्या दिसू लागल्या. फळं तिनं स्वतःच सोलापूरच्या बाजारात नेली. पहिल्या दोन झाडांवर मात्र पिठ्या पुन्हा वाढला. तिथं त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं.