डेल्बर्टची दोन वाक्यं

रेडिओवर अकरा वर्षं काम करूनही ज्याचा एक शब्द कुणाला कळला नाही, असा माणूस पाहिलाय कधी? मी पाहिलाय. डेल्बर्ट हॉगेन. शिकागोत आमच्या 'हॉबार्ट कुटुंब' या विनोदी कार्यक्रमात तो गर्दी होता. दुकानातली गर्दी, स्टेशनातली गर्दी, लग्नातली गर्दी. पाच जण मायक्रोफोनपासून लांब उभे राहून "वालावाला, वालावाला" पुटपुटायचे आणि घरी ऐकणाऱ्यांना वाटायचं, शंभर माणसं जमलीत. त्या पाचांतला हा एक. मी आवाजवाला. दार आपटणं, घोडा पळणं, बशा फुटणं, सगळं माझ्या हातचं. माझा आवाज निदान ओळखू तरी यायचा.

डेल्बर्टचा बाप नील्स विस्कॉन्सिनमधल्या एका बारक्या गावात न्हावी होता. पोरगा रेडिओवर आहे हे त्यानं हौसेनं गावभर सांगून ठेवलेलं. पण ऐकू तर कधीच आला नाही! मग काय, गावाला आयतंच कोलीत मिळालं. खुर्चीत बसून तोंडाला फेस लावून घेता घेता लोक विचारायचे, "काय नील्स, काल तुझा पोरगा कुठला? तो भुंकला तो का?" पुढे पुढे तर म्हातारा थापाड्या म्हणूनच ओळखला जायला लागला. डेल्बर्ट हे सगळं मला हसत हसत सांगायचा, पण डबा खाताना मध्येच थांबायचा.

अडतीस सालचा नाताळचा भाग आला. आमच्या लेखिकाबाई मनानं मोठ्या. त्यांनी डेल्बर्टला हाक मारली आणि म्हणाल्या, "ही घे तुझी नाताळची भेट." दोन वाक्यं होती. हॉबार्टांचं झाड पडतं, जेवण मातीत जातं, सगळे रडकुंडीला येतात, तेवढ्यात शेजारी दारात येतो आणि म्हणतो, "आमच्याकडे चला सगळे. झाड मोठं आहे, आणि बसायला जागाही आहे." बस, एवढंच.

आठवडाभर त्यानं आमचं डोकं खाल्लं. लिफ्टवाल्याला म्हणून दाखव, कॉफीवाल्या मुलीला म्हणून दाखव. "गस, 'जागाही'वर जोर देऊ की 'बसायला'वर?"

"अरे बाबा, कशावरही दे, पण माझ्या कानावर नको!" मी वैतागून म्हणालो.

बापाला त्यानं पत्र टाकलं. म्हाताऱ्यानं दुकानात रेडिओ आणून बसवला आणि सगळ्या टवाळांना आमंत्रण दिलं. अठरा माणसं. कॉफी आणि केक त्याच्याकडून.

आता माझं पाप सांगतो. झाड पडायचा आवाज तालमीत ठरलेला होता. फांद्या, काचेचे गोळे, पत्र्याची चांदणी, मग शांतता, मग एडीचं वाक्य. एडी म्हणजे आमचा मुख्य नट. पण त्या दिवशी समोर तीनशे प्रेक्षक बसलेले, झाड पडलं तसा जो काही हशा उसळला, तो ऐकून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. हशा ओसरतोय बघून मी डब्यातला एक गोळा उचलला, फरशीवरून हळूच घरंगळत सोडला. टिच्च! पुन्हा हशा. मग दुसरा. मग तिसरा, तो तर चांगला लांबवर घरंगळवला. बायका डोळे पुसत होत्या. एडीनंही मला डोळा मारला. काय सांगू, त्या अर्ध्या मिनिटात माझ्यासारखा मीच होतो.

काचेमागं दिग्दर्शक प्रॅटसाहेब घड्याळाकडे बघत होते. आमचा कार्यक्रम थेट जायचा, अर्ध्या तासावर एक क्षणही जास्त मिळायचा नाही. साबणाची जाहिरात कापता येत नाही, कंपनी नरडं धरेल. एडीचं वाक्य कापता येत नाही, एडी नरडं धरेल. उरला कोण? प्रॅटसाहेबांनी गळ्यावरून बोट फिरवलं आणि डेल्बर्टच्या वाक्यांचं सत्ताविसावं पान वर धरून त्यावर आडवी रेघ मारली. डेल्बर्ट तेव्हा मायक्रोफोनपाशी येऊन उभा होता. त्यानं श्वाससुद्धा घेतला होता. बाजूनं वाद्यं सुरू झाली, सगळे नाताळचं गाणं म्हणायला लागले, आणि त्यानं कागद खाली केला.

बाहेर आल्यावर प्रॅटसाहेब माझ्यावर गरजले, "तो काय धुडगूस होता?"

"साहेब, डबा कलंडला," मी म्हणालो. नोकरीची भीती वाटली, दुसरं काय! तोंडातून गेलं ते गेलं. तेवढ्यात एडी आला, माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "असा डबा दर आठवड्याला कलंडू दे रे!" झालं, साहेबांचा राग निवळला. मग ते डेल्बर्टकडे वळले. "तू फार सावकाश बोलतोस बाबा. तालमीत अकरा सेकंद घेतलेस. मला धोका पत्करता येईना." मी दोन हात अंतरावर होतो. मूग गिळून उभा होतो.

डेल्बर्टनं खालच्या औषधाच्या दुकानातून बापाला फोन लावला. मी बाजूलाच होतो, म्हाताऱ्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, वेळ संपला म्हणून..."

"बरं."

"बाबा, खरंच होतं हो वाक्य. दोन होती."

"आम्ही साबणाच्या जाहिरातीपर्यंत बसलो होतो," म्हातारा म्हणाला. मागं कुणीतरी भुंकून दाखवत होतं आणि बाकीचे खिदळत होते. "ठेवतो आता. लोक कोट घालतायत."

पश्चिम किनाऱ्याची घड्याळं मागं असतात, म्हणून तीन तासांनी तोच कार्यक्रम आम्ही तिकडच्या लोकांसाठी पुन्हा करायचो. त्या खेपेला माझा डबा कलंडला नाही. डेल्बर्ट पुढं आला आणि ती दोन वाक्यं अशी बोलला की समोरची माणसं गप्प झाली. एडीचेसुद्धा डोळे भरले. कॅलिफोर्नियात लाखो लोकांनी ऐकलं असेल. त्यांतला एकही डेल्बर्टला ओळखत नव्हता. विस्कॉन्सिनमध्ये त्या वेळी दुसरंच काहीतरी लागलेलं होतं.

नवं वर्ष लागलं आणि डेल्बर्ट सामान बांधून गावी गेला. बापानं म्हणे तीन दिवस दुकान उघडलं नव्हतं. मला पगारवाढ मिळाली. घरंगळणारा गोळा पुढं आमच्या कार्यक्रमाची खूणच झाला, दर नाताळला लोक त्याची वाट बघायचे. दर वेळी तो सोडताना मला डेल्बर्टनं खाली केलेला कागद दिसायचा, पण सोडायचो. पत्र लिहायला कितीदा बसलो! 'प्रिय डेल्बर्ट'च्या पुढं हात सरकेना.

शेवटी चौदा वर्षांनी, मी तिकडून गाडीनं जात होतो, तर मुद्दाम वाट वाकडी केली. सांगून टाकायचंच, असा निश्चय करून दुकानात शिरलो. म्हातारा केव्हाच गेला होता, दुकान आता पोरगा चालवत होता. डेल्बर्ट टक्कल पडून जाडा झालेला. मला बघून इतका हरखला की मलाच लाज वाटली. खुर्चीत बसवून गरम टॉवेल दिला, फेस लावला, पैसे घेणार नाही म्हणून दम भरला.

"बाबा शेवटपर्यंत त्या विषयावर बोलले नाहीत," वस्तरा फिरवत तो म्हणाला. "मीही काढला नाही. एकदाच म्हणाले, 'तू तिथं नक्की होतास ना रे?' बघ, सख्ख्या बापाला शंका आली."

मी डोळे मिटून घेतले. बोल, बोल लेका, मी स्वतःला म्हणत होतो.

"चूक माझीच होती, गस. मी सात सेकंदांत उरकायला शिकलो असतो तर बसलं असतं. इतकी वर्षं रोज आरशासमोर म्हणून बघतो. आता सहात होतं." त्यानं वस्तऱ्यावरचा फेस पुसला. "तू तिथं होतास. खरं सांग, मी फार सावकाश बोलायचो का?"

आणि मी, त्याच्या बापाच्या खुर्चीत त्याच्याकडून फुकट दाढी करून घेणारा मी, म्हणालो, "हो रे, जरा सावकाश बोलायचास खरा."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला, आणि माझी हनुवटी वर करून गळ्याखालची दाढी करायला लागला.