मालोजी शाहिराची कॅसेट

मालोजीसारखा फुकटचा तोरा मिरवणारा शाहीर मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यामागे बसून ढोलकी वाजवण्यात माझं आयुष्य गेलंय.

तरुणपणी त्याला जागच्या जागी सुचायचं, हे खरं. शक्ती-तुऱ्याच्या बारीत समोरचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, टोमणा मारतो. आपण उभ्या उभ्या जुळवून उत्तर गायचं. ज्याला सुचणार नाही त्यानं पायातले चाळ सोडायचे, पुन्हा कधी बांधायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत.

पंच्याऐंशीच्या सुमारास तो मोहोपाड्याला कारखान्यात लागला. तिथल्या साहेबाच्या मुलाकडे अमेरिकेची टेप होती. चार पोरं तालावर भराभर बोलतायत, स्वतःची फुशारकी मारतायत, दुसऱ्याची उणीदुणी काढतायत. मालोजी घरी आला तो हवेतच.

"आरं, ही तर आपलीच बारी हाय! त्यांची टेप निघते, मंग माझी का नाय?"

मुंबईला जाऊन कॅसेट भरली. समोर शाहीर नाही आणि हा शहाणा भिंतीकडे बघून टोमणे मारतोय! होते नव्हते तेवढे चांगले सवाल त्यानं तिच्यात ओतले. कव्हरवर फेट्यातला फोटो. कर्जत-खालापुरात टेंपोवाल्यांनी ती वाजवली आणि याचं डोकं पार फिरलं. कामावरून आला की ओटीवर बसून स्वतःलाच ऐकायचा. वर्षभरात नवी ओळ म्हणून जुळवली नाही. मी बोललो तर म्हणाला, "तू ढोलकी बडव."

गौरीच्या सणाला खालापूरचा लडकू शाहीर आमच्या गावात बारीला आला. मालोजीनं पहिला सवाल काढला, तर अंगणातली पोरंच तो त्याच्याबरोबर म्हणायला लागली. दुसरा बायकांनी पुरा केला. लडकू हसला. त्यानं पानवाल्याचा टेप मागवला, मधोमध ठेवला आणि कॅसेट लावली.

"मालोजी, तू बस रं. मी हिच्याशीच गातो."

एकेका सवालाला टेप थांबवून त्यानं ताजं उत्तर गायलं. लोक लोळायचे बाकी होते. एक बाजू संपली तसा तो मालोजीकडे वळला आणि टेपीत कुठंच नसलेला एक नवा सवाल टाकला.

मी ताल धरला. पुन्हा धरला.

मग मालोजी खाली वाकला. चाळ सोडतोय, असं सगळ्यांना वाटलं. निदान तेवढी तरी लाज असेल, असं मलाही वाटलं.

त्यानं कॅसेट उलटी करून लावली.