हळदीच्या गाण्याची दुरुस्ती

चाचांच्या मुलीच्या हळदीचं गाणं मी दुरुस्त केलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. गाणं बिघडलेलंही नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मस्कतजवळ अझैब्याला कंपनीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहायचो. मी बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन, चाचा स्टोअरकीपर. दोघंही रत्नागिरीकडचे, एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. मी अलीकडच्या वाडीतला, ते पलीकडच्या मोहल्ल्यातले. गावी खाडी ओलांडताना तरीत समोरासमोर बसूनही आम्ही बोललो नसतो, इथे मात्र एकाच कुकरात भात शिजत होता. अख्खी कंपनी त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही.

त्या सुमाराला कायमचा घरी निघालेल्या एका इंग्रज इंजिनियरकडून मी सिंथेसायझर घेतला. मला पेटी येत होती ती शाळेच्या प्रार्थनेपुरती. पण या यंत्राच्या पोटात सिक्वेन्सर होता. लाल बटण दाबायचं, ते टिक-टिक-टिक-टिक असे चार ठोके देणार, की आपण वाजवायला सुरुवात करायची. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली, सगळं ते लक्षात ठेवणार आणि मग आपलं आपण वाजवणार. मी ते लावून चहा पीत बसायचो आणि चाचांकडे बघायचो.

"तू बसून चहा पितोस नि ती राबते," ते म्हणायचे. "अर्बाबला दाखवू नको. तुझ्या जागी तिला ठेवील."

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. रजा मागायला ते अर्बाबकडे, म्हणजे आमच्या ओमानी मालकाकडे गेले. भला माणूस, तोंडावर नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. तो 'इन्शाल्ला' म्हणाला. चाचा घरी आले आणि अर्धी भरलेली बॅग त्यांनी परत कपाटावर टाकली.

दोन दिवसांनी माझ्या दारात उभे. "मास्तर, तुझ्या पेटीत एक गाणं मावेल?"

गाणं त्यांच्या घरातलं, हळदीचं. घरातल्या प्रत्येक हळदीला त्यांची आई ते सुरू करायची, बाकीच्या बायका मागून. आई आदल्या वर्षी गेली. शब्द सगळ्यांना येत होते, पण चाल सुरू कोण करणार? पूर्ण चाल उरली होती एकट्या चाचांकडे, कारण लहानपणी ते आईच्या पदराला धरून बायकांतच बसायचे.

"मग तुम्हीच गा की टेपवर."

"मी? बायकांचं गाणं? मोहल्ल्यात लोक मला बांगड्या भरतील. आणि आवाज बघ माझा, होडी ओढल्यासारखा. तू वाजव. माझं नाव नको."

शुक्रवारी सकाळी ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले. मी लाल बटण दाबलं. टिक-टिक-टिक-टिक.

"हे कोण मधेच?"

"ठोके आहेत, चाचा. त्यानंतर सुरू करायचं."

"त्याला सांग गप बस. मी सुरू करतो, त्याने मागून यावं."

मी टिकटिक बंद केली. ते डोळे मिटून गुणगुणायचे आणि मी एक पाऊल मागे राहून पट्ट्या शोधायचो. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा जमलं. मी ते परत वाजवून दाखवलं. चाचा गुडघा धरून ऐकत राहिले. "हीच," म्हणाले, "मायचीच," आणि स्वयंपाकघरात जाऊन एकच ग्लास बराच वेळ विसळत बसले.

इथे मी थांबायला हवं होतं.

कॅसेट पुढच्या गुरुवारी गावी निघालेल्या एका माणसाबरोबर जायची होती. त्या दिवशी दुपारी चाचा मुलीसाठी अत्तर आणायला बाजारात गेले, आणि मी सिंथेसायझर उघडून बसलो. पडद्यावर पाहतो तर एकही सूर ठोक्याच्या रेघेवर नाही. कोणी अलीकडे, कोणी पलीकडे, बस थांब्यावरच्या लोकांसारखे. मी ड्राफ्ट्समन माणूस, अर्ध्या मिलिमीटरसाठी ज्युनियरांचे कागद परत पाठवणारा. यंत्रात 'क्वांटाइझ' नावाची सोय होती. बटण दाबलं की प्रत्येक सूर जवळच्या रेघेवर जाऊन उभा राहायचा. मी दाबलं. सगळे रांगेत.

मग दिसलं, की प्रत्येक ओळीनंतर एक भोक आहे. कधी दीड ठोक्याचं, कधी अडीचचं. म्हटलं, वय झालं, दम लागत असणार. ती सगळी भोकं मी कापून टाकली. वर ढोलकीचा एक तयार ठेका चढवला. हे सगळं फ्लॉपीवर साठवलं, जुन्याच्याच जागी. एका गाण्याच्या दोन प्रती हव्यात कशाला? गाणं आता निम्मं झालं होतं, तेव्हा कॅसेटवर ते चार वेळा उतरवलं.

चाचा आले. "ऐकता?" मी विचारलं. "माझं ऐकून झालंय," म्हणाले, आणि कॅसेट अत्तराच्या डब्याशेजारी खजुराच्या पाकिटात खोचून रवाना केली.

कॅसेट गेल्यावर आठ दिवसांनी, शुक्रवारी नमाजाच्या आधी आम्ही रस्त्यावरच्या कार्डाच्या फोनवर गेलो. हळद रविवारी होती. मागे पाच-सहा जणांची रांग. मी जादा कार्ड हातात धरून शाबासकीची वाट बघत शेजारी उभा.

"मिळाली? वाजवली?" चाचांनी चाचींना विचारलं. मग रिसीव्हर कानावर घट्ट दाबला. "कसली परेड? ...नाय गो, मी ऐकलंय ना. ...वाटीत पाणी घेऊन करून बघितलंत?" त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, त्याला काय केलंस?"

"थोडं सरळ केलं."

"आणि मधल्या थांबायच्या जागा?"

"त्या... रिकाम्या होत्या, चाचा."

"रिकाम्या नव्हत्या रे. तिथे बायका वाटीत हात घालतात. हळद घेऊन हात नवरीच्या गालापर्यंत येतो, मग पुढची ओळ. जुनं आहे ना पेटीत?"

मी माझ्या चपलांकडे बघितलं. त्यांना कळलं. आणि पुन्हा वाजवलं असतं तरी रविवारपर्यंत ते गावी पोचवणार कोण?

चाचांनी रांगेकडे पाहिलं. आमचेच दोन प्लंबर, तीन मल्याळी, किल्ल्या खुळखुळवणारा एक पठाण ड्रायव्हर. मग त्यांनी रिसीव्हरमध्ये सांगितलं, "टेप घेऊन ये फोनपाशी. रेकॉर्डचं बटण दाब." भिंतीकडे तोंड केलं आणि जो माणूस बंद खोलीत टेपसमोर गायला तयार नव्हता, तो भर रस्त्यात हळदीचं गाणं गायला लागला.

आवाज खरोखरच होडी ओढल्यासारखा होता. पण ओळ संपली की ते थांबायचे, त्यांचा मोकळा हात खाली जायचा आणि सावकाश वर यायचा. कधी लवकर, कधी उशिरा. मधेच ड्रायव्हरच्या किल्ल्या गप्प झाल्या. कार्ड संपत आलं तेव्हा मी दुसरं पुढे केलं. तेवढंच माझं संगीत.

दोनदा गाऊन झाल्यावर चाचांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "तुझ्याशी बोलायचंय तिला."

चाचींना मी कधी पाहिलं नव्हतं. ओळख होती ती त्यांनी पाठवलेल्या सुक्या बोंबलांशी. मी म्हणालो, "चाची, चुकलंच माझं. मला वाटलं..."

"भाऊ," पलीकडून आवाज आला, "ह्यांचा आवाज फाटका हाय, पण हळद लावायला येळ तरी देतो. तुमची पेटी पंधरा ऑगस्टला शाळेत द्या. पोरं रांगेत चालतील."