टेक ऑफ कुठं म्हणायचं

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या आमच्या मराठी गावातून आता बदलीनं मंचेरियलला गेलेले आमचे इंग्रजीचे सर पावसाळ्यातल्या काळ्या चिखलातही बूट घालूनच शाळेत येत. बुटांना शेरभर माती चिकटलेली, पण नाडी नीट बांधलेली. गाव हसायचं. सरांना त्याचं काही वाटत नसे.

शब्द ते अंगावर दाखवून शिकवत. ‘टेक ऑफ’ शिकवताना त्यांनी टोपी काढली, घड्याळ काढलं, शेवटी एक बूट काढून टेबलावर ठेवला. “अंगावर घातलेलं काढतो, तिथं टेक ऑफ. झाडाचा आंबा काढायला हा शब्द नाही.”

मागून एकानं विचारलं, “सर, बैलाच्या मानेवरचं जू?”

“आधी बैलाले विचार, त्यानं सोताहून घातलं का.”

वर्ग हसला. सर पुढे म्हणाले, “‘प्लीज टेक ऑफ युवर शूज’ असं देवळात म्हणतात, घरात म्हणतात. आणखी कुठं कोणी म्हटलं, तर काऊन ते विचारायचं.”

आमच्याकडे आले की आई म्हणायची, “राहू द्या सर, शेणाची जमीन हाय.” सर ओट्यावर बसून दोन्ही नाड्या सोडत, मगच आत येत.

बारावीनंतर कॉलेजसाठी मला उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि प्रवेशाची मुदत संपत आली होती. सर माझ्या आणि बाबांसोबत तहसील कचेरीत आले. साहेबांच्या दाराबाहेर चपलांची रांग होती. बाबांनी आपल्या कधीच काढल्या होत्या. मीही वाकले.

“थांब,” सर मला म्हणाले आणि शिपायाकडे वळले. “काऊन काढायची?”

“सब निकालते, सर.”

“मग साहेबाचे बूट रांगेत दिसून नाही राह्यले?”

बाबा घाबरले. “सर, पोरीचा दाखला हाय. जाऊ द्या ना.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ उभी राहिले आणि चप्पल पायातच ठेवून आत गेले. साहेबांनी माझे पाय पाहिले आणि “उद्या या” म्हणाले.

परतताना बाबा सरांशी एक शब्दही बोलले नाहीत. कॉलेज गेलंच, असं मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना शाळा होती. आम्ही दोघंच गेलो. शिपायानं रांगेकडे बोट दाखवलं. बाबा जरा थांबले, रुमालानं तोंड पुसलं आणि शिपायाला म्हणाले,

“तू बाजूला हो. आमी आत जाऊन राह्यलो.”

आणि चपला वाजवत माझ्या पुढे आत गेले. साहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कागद ओढून सही केली.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. “दाखला मिळाला सर. बाबा माझ्या आधी आत गेले.”

सर म्हणाले, “त्यायले फोन दे.”

बाबांनी फोन कानाला लावला. “जेवले का सर?” एवढंच विचारलं.